ऑक्सिजन पोचतो, औषध पोचतं, मग व्हायरस का पोचत नाही?

पाऊलवाट · सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. चोविसावा आठवडा चालू आहे. मागच्या आठवड्यात फ्लू झाला. तीन दिवस १०२ ताप, खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, बाळाचे ठोके ऐकवले आणि म्हणाल्या, "बाळापर्यंत नाही जात हे. वार, म्हणजे प्लासेंटा, सांभाळते त्याला." दारात पुढच्या नंबरची बाई उभी होती, म्हणून मान डोलावून निघाले.

घरी आल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. माझा ऑक्सिजन बाळाला जातो, साखर जाते, मी घेतलेली पॅरासिटामॉलही जाते म्हणे. मग व्हायरसनेच काय घोडं मारलंय? आणि तो जातच नसेल तर रुबेला, झिका यांनी बाळांचं नुकसान झालं ते कसं?

"काळजी करू नकोस" हे मला घरातले सगळे सांगून झालेत. ते नकोय. हे चालतं कसं, ते कुणी सांगेल का? मी हिशेबातली बाई, जीवशास्त्र दहावीतच सुटलं. त्या बेताने सांगा.

खारूताई · सोमवार, रात्री ११.५२

मलाही सातव्यात असाच सणसणीत फ्लू झाला होता. कन्या आता आठ वर्षांची आहे आणि दिवसभर माझं डोकं खाते. जाणकार येतीलच. वाचते आहे.

चष्मेबद्दूर · मंगळवार, सकाळी ७.१५

आईचंच रक्त बाळात फिरतं ना? मग त्यात जे असेल ते सगळं जाणारच. डॉक्टर धीर द्यायला तसं बोलतात. घाबरवत नाहीये, पण सरळ विचार केला तर असंच दिसतं.

खारूताई · मंगळवार, सकाळी ७.३०

घाबरवत नाहीये म्हणत म्हणत घाबरवलंत की हो.

स्लाईडवाला · मंगळवार, दुपारी १.०५

चष्मेबद्दूर, आईचं रक्त बाळात फिरत नाही. दोघांची रक्तं शेजारून वाहतात, मिसळत नाहीत. आईचा आणि बाळाचा रक्तगट वेगळा असूनही नऊ महिने निभतात ते त्यामुळेच. (बाळंतपणात थोडं इकडचं तिकडे होतं, कधी आधीही. आरएच निगेटिव्ह बायकांना इंजेक्शन देतात ते त्यासाठी. पण तो वेगळा धागा होईल.)

मी पॅथॉलॉजीत काम करतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी तपासायला वार येते, तेव्हा आधी ती दिसते कशी ते सांगतो. जाड भाकरीसारखी गोल, साधारण २२ सेंटिमीटर व्यासाची, अर्धा किलोच्या आसपास. बाळाकडची बाजू गुळगुळीत, निळसर, चकचकीत. नाळ तिथूनच निघते आणि रक्तवाहिन्या वडाच्या मुळांसारख्या चहूकडे पसरलेल्या दिसतात. उलटी केली की आईकडची बाजू: गडद लाल, खडबडीत, पंधरा-वीस फुगीर खंड. या बाजूचा नखाएवढा तुकडा कापून सलाइनमध्ये सोडायचा आणि भिंगाखाली धरायचा. हातात असताना तो नुसता लाल लगदा असतो. पाण्यात पडला की उमलतो. बारीक बारीक फांद्या सुट्या होतात आणि शेवाळ्यासारख्या हलायला लागतात. पंधरा वर्षं हे काम करतोय, पण अजूनही तिथे दोन मिनिटं जास्त बघत बसतो.

या फांद्यांना अंकुर म्हणू. प्रत्येक अंकुराच्या आत बाळाच्या केशवाहिन्या, आणि बाहेरून त्याला आईचं रक्त थेट न्हाऊ घालतं. सगळ्या अंकुरांचा पृष्ठभाग उलगडून मांडला तर पूर्ण दिवसांच्या वारेत तो १२ चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे एका खोलीची जमीन झाली. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर आईचं रक्त आणि बाळाचं रक्त यांच्यात शेवटी शेवटी केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतर उरतं.

आता मुद्दा. त्या अंकुरांवर जो थर असतो त्याचं नाव सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट. नाव विसरलात तरी चालेल, रचना विसरू नका. शरीरात इतरत्र, म्हणजे आतड्यात किंवा श्वासनलिकेत, अस्तर सुट्या सुट्या पेशींचं असतं, फरशीसारखं. फरशी आली की सांधे आले, आणि मुंग्या निघतात त्या सांध्यातून. कितीतरी जंतूंचा शिरायचा रस्ता पेशी-पेशींमधला हा सांधाच. वारेवर मात्र फरशी नाही, कोबा आहे. खालच्या पेशी एकमेकींत विरघळून एकच अखंड थर झालेला असतो, एकाच पेशीत अब्जावधी केंद्रकं. सांधाच नाही, तर शिरणार कुठून?

त्यातून हा कोबा गप्प बसलेला नसतो. व्हायरसशी लढताना पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडतात, ते सहसा हल्ला झाल्यावर. हा थर त्यातला लॅम्डा नावाचा प्रकार हल्ला नसतानाही सतत सोडत असतो. आजूबाजूच्या पेशी त्याने आधीच सावध होऊन बसतात.

पॅरासिटामॉलचा रेणू एक नॅनोमीटरच्या आसपासचा, फ्लूचा व्हायरस शंभरेक नॅनोमीटरचा. ऑक्सिजन नुसता झिरपतो. साखरेला त्या थरात स्वतःची वाहक प्रथिनं आहेत. व्हायरसला तसं दार कुणी ठेवलेलं नाही.

आणि पाऊलवाट, तुमच्या बाबतीत हे सगळं बहुधा लागलंच नसेल. फ्लूचा व्हायरस नाक, घसा, फुफ्फुसं इथेच रमतो, रक्तात सहसा उतरतच नाही. म्हणजे पहिला अडसर वारेच्या कितीतरी आधी, तुमच्याच छातीत होता.

चष्मेबद्दूर · मंगळवार, दुपारी १.४०

मान्य, माझं चुकलं. कोबा आवडला. पण मग रुबेला कसा जातो? कोब्याला भेगा पडतात का?

कावळा_उवाच · मंगळवार, दुपारी २.२०

अवांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा कोबा ओतायला लागणारं प्रथिन म्हणजे सिन्सिटिन, आणि त्याचा जीन मुळात आपला नाहीच. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या वानरकुळातल्या पूर्वजांना एका रेट्रोव्हायरसची लागण झाली आणि त्याचा जीन त्यांच्या डीएनएत कायमचा मुक्कामाला आला. व्हायरसला तो दुसऱ्याच्या पेशीत घुसायला, पेशीचं आवरण आपल्या आवरणात मिसळायला लागत असे. वारेने तेच हत्यार पेशीला पेशी जोडायला घेतलं. २००० साली हे उघड झालं. म्हणजे व्हायरसला अडवणारी भिंत व्हायरसच्याच थापीने लिंपलेली. उंदराला वेगळं सिन्सिटिन, गायी-मेंढ्यांकडे आणखी वेगळं. हा उद्योग सस्तन प्राण्यांत एकदाच नाही, अनेकदा झालाय.

खारूताई · मंगळवार, दुपारी २.२५

कावळोबा, हे अवांतर नाही. आज ऑफिसात चार जणांना ऐकवणार आहे.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ९.५०

ड्यूटी आत्ता संपली, म्हणून आता लिहिते. मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. आमच्याकडे येतात ती या नियमातून निसटलेली बाळं. रोज अपवादच बघणाऱ्याला जग अपवादांनीच भरलंय असं वाटायला लागतं, तेव्हा माझं लिखाण त्या बेताने वाचा.

स्लाईडवाल्यांचा कोबा बरोबर आहे. पण वार अधांतरी तरंगत नाही, तिला गर्भाशयाला धरून बसावं लागतं. त्यासाठी काही अंकुर खुंट्यांसारखे आईच्या अस्तरात ठोकलेले असतात आणि त्या खुंट्यांच्या टोकाला कोबा नसतो. तिथे सुट्या पेशी असतात. त्या आईच्या अस्तरात खोल शिरतात, तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं रुंद करतात, म्हणून पुढे वारेला रक्त धो धो मिळतं. (पहिले दहा-बारा आठवडे याच पेशी त्या तोंडांना बुचं मारून बसतात. अंकुरांभोवती आईचं रक्त तेव्हा खेळतही नसतं.) म्हणजे जिथे पकड आहे, तिथेच फट. जंतू हुडकतो ती ही जागा.

लिस्टेरिया हा जिवाणू याचा नमुना. न तापवलेल्या दुधातून किंवा दूषित अन्नातून येतो, फ्रीजच्या थंडीतही वाढतो. त्याची खोड अशी की एका पेशीतून शेजारच्या पेशीत तो भिंत ढकलत जातो, पेशीबाहेर पडायची गरजच नाही. आईला कधी कधी नुसती कणकण असते, आणि बाळ गंभीर होतं.

पण त्या फटीवरही पहारा आहे. पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी जवळपास ७० टक्के एकाच जातीच्या असतात, नॅचरल किलर. नाव ऐकून वाटेल की परक्या बाळाला या खाऊन टाकतील. तसं होत नाही, उलट वार रुजवायला त्या मदत करतात. २०२० साली त्यांचा आणखी एक उद्योग कळला. वारेच्या पेशीत लिस्टेरिया शिरला असेल तर या पेशी तिला एक अतिसूक्ष्म नळी लावतात आणि त्यातून ग्रॅन्युलायसिन नावाचं प्रथिन आत सोडतात. आतला जिवाणू मरतो, पेशी जगते. एरवी लागण झालेली पेशी या सरळ मारून टाकतात. वारेच्या पेशी मारत सुटल्या तर वारच सुटेल, म्हणून हा बेत.

आता रुबेला. हा व्हायरस रक्तात भरपूर उतरतो आणि वारेत व बाळात वाढू शकतो. आईला पहिल्या १२ आठवड्यांत झाला तर दहातल्या आठ-नऊ बाळांना बाधा होते, आणि नेमके तेव्हाच डोळे, हृदय, कान घडत असतात. विसाव्या आठवड्यानंतर झाला तर व्यंग क्वचितच. १९४१ साली सिडनीतल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक यायला लागली. चौकशी केली तर बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला जर्मन गोवर, म्हणजे रुबेलाच, होऊन गेलेला. गर्भातल्या बाळाला आईच्या साध्या आजाराने व्यंग येऊ शकतं हे तोवर कुणी फारसं मानत नसे. अमेरिकेत १९६४-६५च्या साथीत सुमारे १ कोटी २५ लाख लोकांना रुबेला झाला आणि जवळपास २०,००० बाळं बाधित जन्मली. तिथे लस आली १९६९ साली.

टॉक्सोप्लाझ्मा हा मांजराच्या विष्ठेतून, कच्च्या मांसातून येणारा परजीवी. त्याचं गणित उलटं चालतं. सुरुवातीला लागण झाली तर बाळापर्यंत जायची शक्यता कमी, पण गेला तर इजा मोठी. शेवटच्या तिमाहीत जायची शक्यता बरीच वाढते, कारण वार मोठी, रक्त जास्त, थर पातळ. पण तोवर बाळ घडून झालेलं असतं, जन्मतः बहुतेकांत काही दिसत नाही. (पुढे डोळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं.) "कितव्या महिन्यात लागण झाली" हे डॉक्टर खोदून खोदून का विचारतात, त्याचं कारण हे.

नवखी · मंगळवार, रात्री १०.१५

आमच्याकडे मांजर आहे. आजच तिला बहिणीकडे पाठवू का?

रात्रपाळी · मंगळवार, रात्री १०.३०

नको, राहू दे बिचारीला. तिच्या विष्ठेतला जंतू बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, कधी पाच. तिची वाळू रोजच्या रोज काढली तर वेळच मिळत नाही त्याला. तेही काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या, नाही जमलं तर हातमोजे घाला, मग हात धुवा. मांजरापेक्षा कच्चं राहिलेलं मांस आणि मातीचे हात जास्त भोवतात.

आभाळ_भरून · मंगळवार, रात्री ११.४५

लिहू की नको करत होते. लिहितेच.

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, उजव्या कानाला मशीन आहे. जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती, 'पास' लिहिलं होतं. चौदाव्या महिन्यात मी मागून हाक मारत होते आणि तो ठोकळे रचत बसला होता. तीनदा मारली. चौथ्यांदा स्टीलचं ताट मुद्दाम जमिनीवर टाकलं. वळला नाही.

पुढे बऱ्याच तपासण्यांनंतर सीएमव्ही हे नाव कानावर आलं. सायटोमेगॅलोव्हायरस. तोवर मी हे कधी ऐकलंच नव्हतं. जन्मतः होणाऱ्या लागणींत सगळ्यात जास्त आढळणारी हीच, साधारण दोनशे बाळांत एक, आणि त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. पण आनुवंशिक कारणं सोडली तर लहानपणीच्या बहिरेपणाचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि कधी कधी ऐकू येणं जन्मानंतर काही महिन्यांनी कमी व्हायला लागतं. जन्मापासून तीन आठवड्यांच्या आत लाळ किंवा लघवी तपासली तरच लागण पोटातच झाली होती असं खात्रीने सांगता येतं. आमचे तीन आठवडे कधीच उलटून गेले होते. ज्या दवाखान्यात बाळंत झाले तिथे विचारलं, तर "असं आम्ही सगळ्यांचं बघत नाही" एवढंच उत्तर मिळालं. त्यांचंही खोटं नसेल. पण ते उत्तर मला अजून झोपू देत नाही.

मला स्वतःला काय झालं होतं? काही नाही. चौथ्या महिन्यात दोन दिवस थकल्यासारखं वाटलं होतं. तेव्हा घरात थोरली होती, दोन वर्षांची. तिचं उष्टं खायचं, तिच्या तोंडातलं खेळणं काढायचं, लंगोट बदलायचा, हेच चालायचं दिवसभर. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा व्हायरस महिनोन्महिने असतो हे मला नंतर कळलं.

पाऊलवाट, तुम्हाला घाबरवायला नाही लिहिलं. घरात लहान मूल असेल तर तेवढं बघा. त्याचा चमचा वेगळा, पापा कपाळावर, लंगोटानंतर साबणाने हात.

खारूताई · बुधवार, सकाळी ६.५०

आभाळ, काय बोलू गं. ताट टाकलं ते वाचून हातातलं काम थांबलं.

पाऊलवाट · बुधवार, सकाळी ९.१०

आभाळ_भरून, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. आमच्याकडे जावेचा दीड वर्षांचा मुलगा असतो, दिवसभर माझ्या मांडीवर. आजपासून चमचा वेगळा.

स्लाईडवाला, रात्रपाळी, तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या भाषेत मांडते, चुकलं तर सांगा: बहुतेक जंतू कोब्यावर अडतात, काही खुंटीच्या फटीतून जातात, काही वारेतच वाढत पलीकडे जातात. आता पुढची शंका. मला फ्लू झाला म्हणजे माझ्यात अँटिबॉडी तयार झाल्या असतील. त्या बाळाला मिळतील का? त्या तर व्हायरसपेक्षा लहान ना?

रात्रपाळी · बुधवार, दुपारी ३.३०

मांडणी बरोबर. शंकाही नेमकी आहे, कारण अँटिबॉडी नुसत्या लहान आहेत म्हणून जात नाहीत. त्यांना उचलून नेतात.

अँटिबॉडींचे प्रकार असतात. लागण झाली की आधी आयजीएम येते, मागून आयजीजी, आणि आयजीजी वर्षानुवर्षं टिकते. कोब्याच्या आत एक वाहक प्रथिन आहे, एफसीआरएन. आईच्या रक्ताचे बारीक थेंब पेशी आत ओढून घेते. त्या थेंबाभोवती आम्लता वाढली की हे प्रथिन आयजीजीचं शेपूट घट्ट धरतं आणि पलीकडे नेतं. बाळाच्या बाजूला आम्लता नाही, तिथे पकड सुटते. आयजीजी बाळाच्या रक्तात उतरते. आयजीएमला हे दार नाही. म्हणून नवजात बाळाच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्ध आयजीएम सापडली तर ती आईची नाही, बाळाने स्वतः बनवलेली असते, आणि आम्ही कान टवकारतो.

ही वाहतूक तेराव्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होते, पण खरा माल शेवटच्या तिमाहीत जातो. पूर्ण दिवसांच्या बाळात आयजीजी आईच्या बरोबरीने, बरेचदा आईहून जास्त असते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ मात्र बरीच कमी शिदोरी घेऊन येतं. आमच्या विभागातल्या निम्म्या काळजीचं मूळ तिथे आहे.

वेळ किती महत्त्वाची ते कांजिण्यांत दिसतं. आईला बाळंतपणाच्या दोन-तीन आठवडे आधी कांजिण्या झाल्या तर बाळाला व्हायरसही मिळेल आणि अँटिबॉडीही, बहुधा हलक्यात निभेल. पण पुरळ बाळंतपणाआधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात उठलं, तर व्हायरस पोचलेला असतो आणि आईच्या आयजीजीला तयार व्हायला, पलीकडे जायला दिवसच मिळालेले नसतात. अशा बाळाला आम्ही जन्मताच तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन देतो. पाच-सहा दिवसांचा फरक, पण बाळ गंभीर होणार की नाही ते त्यावर ठरू शकतं.

तुमचा चोविसावा आठवडा, पुढे तीन-साडेतीन महिने आहेत. फ्लूविरुद्धची आयजीजी जाईल बाळाला. निवांत पोचेल.

पाऊलवाट · बुधवार, दुपारी ३.४५

म्हणजे आयजीजीला गेटपास आहे, आयजीएमला नाही. हे कळलं बाई मला.

कावळा_उवाच · बुधवार, दुपारी ४.१०

गेटपास आहे, पण झडती नाही! आईच्या शरीरात स्वतःच्याच पेशींविरुद्धची आयजीजी असेल तर तीही त्याच दाराने जाते. काही संधिवातासारख्या आजारांतली अँटी-रो नावाची अँटिबॉडी बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकते. वर स्लाईडवाल्यांनी कंसात टाकलेलं आरएचचं प्रकरणही याच दाराचं.

सरळसोट · बुधवार, सायंकाळी ७.००

निसर्गाने एवढी चोख व्यवस्था केलेली आहे, मग गरोदरपणात लसी टोचायचा सोस कशाला? शरीराला त्याचं काम करू द्यावं.

रात्रपाळी · बुधवार, रात्री ८.२०

सरळसोट, लस ती व्यवस्थाच वापरते. पलीकडे जाणारी गाडी तयार आहे, पण आईकडे त्या रोगाची आयजीजीच नसेल तर गाडी रिकामी जाणार. धनुर्वाताची लस म्हणूनच देतात. डांग्या खोकल्याची लस अनेक देशांत २७ ते ३६ आठवड्यांत देतात, कारण गाडी तेव्हा भरून धावते आणि दोन महिन्यांखालच्या बाळांना तो खोकला जीवघेणा ठरतो. आरएसव्ही या श्वसनाच्या व्हायरसविरुद्धची गरोदर बायकांसाठीची लस २०२३ साली आली, तीही याच हिशेबाने. रुबेला, कांजिण्या यांच्या लसी जिवंत व्हायरसच्या, त्या मात्र गरोदरपणात देत नाहीत. दिवस राहण्याआधी किमान महिनाभर घ्यायच्या.

तुमचं "शरीराला काम करू द्या" हे वाक्य मी खोकून निळ्या पडलेल्या सहा आठवड्यांच्या बाळाशेजारी उभी राहून ऐकलेलं आहे. म्हणून जरा तिखट लिहिलं.

स्लाईडवाला · बुधवार, रात्री १०.३०

एक गोष्ट राहून जाईल म्हणून टाकतो. "जंतू बाळापर्यंत गेला नाही" आणि "बाळाला काही झालं नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

हिवताप घ्या. फाल्सिपेरम जातीचा परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशींवर एक चिकट प्रथिन उगवतं आणि त्या वारेच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतात. तशी स्लाईड लावली की अंकुरांच्या मधल्या जागेत काळपट रंगद्रव्याचे ठिपके भरलेले दिसतात. बाळाच्या रक्तात परजीवी सापडत नाही बरेचदा. पण वार तुंबलेली, म्हणून बाळ कमी वजनाचं. कोविडच्या काळातही मोजक्या केसेसमध्ये हे पाहिलं. व्हायरस बाळात नाही, पण वार जागोजागी पांढरी, दगडासारखी घट्ट झालेली. प्राणवायूच जाईना. असं क्वचित होतं, हे मुद्दाम सांगतो.

आणि ताप. व्हायरस छातीतच राहिला तरी तापलेलं अंग बाळालाही तापवतं. पहिल्या काही आठवड्यांतला जोराचा ताप मज्जारज्जूच्या घडणीला बरा नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तापाची गोळी "बाळाला लागेल" या भीतीने न घेता अंगावर काढणं हा उलटा व्यवहार आहे.

चष्मेबद्दूर · बुधवार, रात्री १०.५०

आपण सगळे वरून, रक्तातून येणाऱ्यांबद्दलच बोलतोय. खालून?

रात्रपाळी · बुधवार, रात्री ११.०५

बरोबर पकडलंत. गर्भाशयाच्या तोंडाला घट्ट चिकट स्रावाचं बूच असतं, त्यात जंतू मारणारी प्रथिनं. त्यावर गर्भजलाची पिशवी. पिशवी आधीच फुटली तर मात्र खालचे जिवाणू वर चढतात, म्हणून पाणी गेलं की घरी थांबायचं नाही, कळा नसल्या तरी. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू आईला काही न करता योनिमार्गात राहतो आणि बाळंतपणात बाळाला लागतो. काही देशांत छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला तपासून बाळंतपणाच्या वेळी अँटिबायोटिक देतात. हेपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचाही मोठा वाटा बाळंतपणातच जातो. म्हणून बाळाला पहिल्या २४ तासांत हेपॅटायटिस बीची लस, आणि आईला एचआयव्हीची औषधं आधीपासून.

नवखी · गुरुवार, सकाळी ८.४०

माझा रिपोर्ट आलाय. सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. आभाळताईंचं वाचल्यापासून झोप उडालीय. पॉझिटिव्ह म्हणजे बाळाला...?

आभाळ_भरून · गुरुवार, सकाळी ८.५५

नवखी, आधी श्वास घ्या. रात्रपाळी सांगतीलच, पण मी हे रिपोर्ट इतके वाचलेत की एवढं सांगू शकते: आयजीजी म्हणजे जुनी ओळख. कधीतरी लहानपणी होऊन गेलेला असणार.

रात्रपाळी · गुरुवार, दुपारी १.१५

आभाळताई बरोबर सांगतात. अशा रिपोर्टचा बहुतेक वेळा अर्थ हाच, की लागण जुनी आहे. पहिल्यांदाच गरोदरपणात झाली तर तीनातल्या एका बाळापर्यंत ती जाते. जुनी डोकं वर काढते तेव्हा ते प्रमाण खूपच कमी. शून्य नाही, म्हणून हात धुणं तुम्हालाही आहेच. आयजीएम पॉझिटिव्ह आली असती तरी लगेच निष्कर्ष काढत नाहीत, ती कधी कधी उगाचही पॉझिटिव्ह येते. मग एव्हिडिटी नावाची तपासणी करतात. आयजीजीची पकड घट्ट असेल तर लागण जुनी, सैल असेल तर ताजी. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा, इथे मी कागद न बघता बोलतेय.

पाऊलवाट · गुरुवार, रात्री ९.३०

आज तपासणी होती. वाढ नीट आहे, पाणी नीट आहे. डॉक्टरांना म्हटलं, त्या खुंट्यांच्या टोकाला कोबा नसतो ना? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या नंबरला थांबवून दहा मिनिटं बोलल्या.

स्लाईडवाला, एक विचारू? बाळंतपणानंतर वार बघायला मागितली तर देतात का दाखवायला? वेड्यासारखं वाटेल का?

स्लाईडवाला · गुरुवार, रात्री १०.०५

अजिबात नाही. वार पूर्ण पडली की एखादा तुकडा आत राहिला, हे बघायला ती उलटसुलट करून तपासतातच. आधीच सांगून ठेवा. आईकडची बाजू वर करायला सांगा, आणि जमलं तर नखाएवढा तुकडा सलाइनच्या वाटीत. दोन मिनिटांचं काम आहे.

रात्रपाळी · गुरुवार, रात्री १०.१२

यांची दोन मिनिटं पंधरा वर्षं चाललीत, बाळ कुणाच्या तरी हातात देऊन मगच बघायला बसा.